गार धूर खाली बसतो

बाबा लाईनवर गेले की घरात त्यांचा वास तेवढा मागे उरायचा. दगडी कोळसा, इंजिनाचं तेल आणि कितीही साबण चोळला तरी न निघणारी काजळी. रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे पडवी, पडवीत चूल, आणि त्या सगळ्यात मी एकटी. बाबा छोट्या लाईनवर इंजिनाचे ड्रायव्हर होते. बालाघाटहून गाडी घेऊन नैनपूरला जायचे, मुक्काम तिकडे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन परत. आई मी लहान असतानाच गेली. भाऊ नाही, बहीण नाही. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारीही हिंदी. मराठी बोलायला घरात एकच माणूस होतं आणि ते निम्मे दिवस इंजिनावर असायचं. ते नसले की मी चुलीशी बोलायचे. “काहून रुसून बसली व?” असं तिला विचारायचे. ती निदान फुसफुस तरी करायची. एकटेपण माझ्या पाचवीलाच पुजलेलं होतं म्हणा ना. आता या वयात लोक मला विचारतात, एकट्या कशा राहता? मी म्हणते, सराव आहे.

बाबा परतायचे त्या दिवशी मात्र घराला घरपण यायचं. बाहेरच्या सिग्नलपाशी आले की ते एक लांब आणि एक आखूड शिटी द्यायचे. प्रत्येक ड्रायव्हरची शिटी वेगळी असते, आणि क्वार्टरातल्या बाया शिटीवरून आपापला नवरा ओळखायच्या. मी बाप ओळखायचे. शिटी ऐकली की भात चढवायचा, लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला घ्यायचे, जवसाच्या चटणीवर तेल सोडायचं. बाबा येऊन मोरीत बराच वेळ हातपाय धूत बसायचे. मग ताटावर बसले की भात कालवताना म्हणायचे, “झालं का वं सगळं?” मी म्हणायचे, “हौ.” एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. प्रेम नव्हतं असं नाही, पण बाप आणि वयात आलेली लेक, मध्ये आई नाही. काय बोलावं हे त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही. दोघंही घुमेच.

बोलणं सुरू झालं ते आगगाडीमुळे. मी लहान असताना बाबांनी नागपूरहून मला किल्लीची एक आगगाडी आणली होती. पत्र्याचे रूळ, एक इंजिन, मागे डबे. ती ट्रंकेत पडून होती. एका सुट्टीच्या दिवशी बाबा कुठूनसं एक जुनं दार घेऊन आले, ते दोन ट्रंकांवर आडवं टाकलं आणि त्यावर रूळ मांडायला बसले. इंजिनाच्या रंगीत पत्र्यावर त्यांनी काळा पत्रा चढवला, लांब नळकांडं लावलं, तेव्हा ते हुबेहूब आमच्या छोट्या लाईनचं इंजिन दिसायला लागलं. वर्तमानपत्र खळीत भिजवून डोंगर केले. तुराट्यांची झाडं केली, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून जमिनीवर चिकटवला, तुपाच्या डब्याची पाण्याची टाकी केली. मी विचारलं, “बाबा, हे कायले?” तर मान वर न करता म्हणाले, “म्या रोज कुठं जातो ते तुले दिसलं पायजे. तुले काई इंजिनावर नेता येत नाई.”

त्या दारावर वाकून काम करताना बाबा बोलायचे. जंगल कुठे सुरू होतं, चढ कुठे लागतो, लामता स्टेशनाच्या अलीकडे रुळावर म्हशी कशा ठाण मांडून बसतात, सगळं. दाराच्या एका कडेला त्यांनी सिग्नल उभा केला. खांबावर पत्र्याचा छोटा हात. हात आडवा असला तर थांबायचं, पडलेला असला तर जायचं. तो हात वरखाली करायची दोरी माझ्याकडे, आणि त्यांच्याकडे दुसरी दोरी. ती ओढली की रुळांमधली एक पट्टी उभी राहायची आणि इंजिन तिला अडून थांबायचं. खेळ खऱ्या कायद्याने चालायचा. इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन दोघांनीही सिग्नल बघायचा असतो. एकाने मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने ते परत म्हणायचं. मी बाबांची फायरमन. मी ओरडायचे, “सिग्नल डाऊन!” ते म्हणायचे, “डाऊन!” आणि गाडी पुढे. मी म्हणायचे, “सिग्नल आडवा!” ते म्हणायचे, “आडवा!” आणि दोरी ओढायचे. “अन् दिसलाच नाई तं?” मी एकदा विचारलं. “तं तो आडवाच समजायचा,” बाबा म्हणाले. “गाडी उभी करायची. न दिसणारा सिग्नल आडवाच असते, हे पक्कं ध्यानात ठेव.” गाडी उभी करण्याशी मला काय देणंघेणं, पण मी ध्यानात ठेवलं.

सगळं झालं आणि बाबांना एकच गोष्ट कमी वाटायला लागली. धूर आणि धुकं. थंडीतल्या सकाळी गाडी जंगलात शिरते तेव्हा झाडांच्या बुंध्यांशी जे पांढरं साचलेलं असतं, ते त्यांना दारावर हवं होतं. धुराचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात चूल फुंकणारी मी. नळकांड्यातला धूर सोपा निघाला. धूपकांडीचा जळता तुकडा आत खोचला की इंजिन गोल फिरताना मागे धुराची रेघ सोडायचं. आधी मी काळा धूर करावा म्हणून कापूर पेटवून बघितला, तर बाबा खवळले. “काळा धूर म्हंजे फायरमनले अक्कल नाई! कोळसा नीट जळला तं धूर फिका निघते.” मी मुकाट्याने धूपकांडीवर आले.

धुक्याने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. नळकांड्याच्या धुराला निघायची जागा असते. धुकं कुठून निघत नाही, ते नुसतं असतं. मी राळ निखाऱ्यावर टाकून डोंगरामागे ठेवली, तर धूर सरळ आढ्याला जाऊन चिकटला आणि दारावर ढिम्म काही नाही. किटलीची वाफ सोडली, तर डोंगर भिजले आणि सातपुडा खळीसकट खाली बसला. मागच्या डोंगरांना चुना आणि नीळ कालवून फिकट रंग दिला, दोन डोंगरांच्या मध्ये मलमलीचं पातळ फडकं ताणलं. दूरचं दूर दिसायला लागलं हे खरं, पण बाबा स्टुलावर बसून बघायचे आणि मान हलवायचे. “नाई. हे फडकंच दिसते.” दुसरं कोणी म्हटलं असतं तर मी फडकं त्याच्या तोंडावर मारलं असतं.

रस्ता सापडला तो सकाळी अंगण झाडताना. थंडीचे दिवस होते. सगळ्या क्वार्टरांसमोर शेगड्या पेटलेल्या, आणि त्यांचा धूर वर जायच्या ऐवजी थोडा चढून परत खाली येत होता, गुडघ्याइतक्या उंचीवर पसरून तिथेच राहत होता. मी झाडू हातात घेऊन बघत उभी राहिले. गरम धूर चढतो, गार धूर खाली बसतो! मग मी पत्र्याच्या डब्यात निखारे आणि राळ घातली, डब्याला एक नळी जोडली, ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पाण्याच्या माठातून फिरवून दाराच्या मागच्या कडेला डोंगरांत काढली. डब्याच्या भोकात फुंकणी घालून हळूहळू फुंकलं की धूर माठातून गार होऊन यायचा आणि डोंगरावरून घरंगळत झाडांच्या बुंध्यांशी जमायचा. जोरात फुंकलं की फिसकटायचं. श्वास सोडतो तसंच सोडायचं. मला एवढा आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, आणि मग लक्षात आलं की बघायला कोणीच नाही. बाबा नैनपूरला होते. मी तो धूर विरेपर्यंत बसून राहिले. घर खायला उठतं म्हणतात ते मला त्या दुपारी कळलं.

बाबांना दाखवल्यावर ते खूश झाले, पण अर्धेच. कधी म्हणायचे जास्त झालं, कधी म्हणायचे उगीच दाट केलंस, स्टेशन दिसेना. मी कमी करायचे. पुढच्या खेपेला पुन्हा म्हणायचे दाट आहे. मला वाटलं, या माणसाला खूश करणं देवाच्या बापाला जमायचं नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली. त्या दिवशी कोळसा ओला निघाला. निखारे धरेनात, डब्यातून धुराचा एक धागा निघेना. मी वैतागून डबा तसाच पडवीत सोडला आणि बाबा बसले होते त्या खोलीत आले. स्टेशनात मी बॅटरीचा एक बारका दिवा बसवला होता, तो पेटवला आणि गाडीला किल्ली दिली. आज धुकं नाही बाबा, असं म्हणणार, तेवढ्यात बाबा स्टुलावरून पुढे झुकले.

“आज जमलं,” ते म्हणाले.

मी वळून पडवीतल्या डब्याकडे पाहिलं.

“आज बराबर जमलं पाय. असंच, अगदी असंच दिसते लाईनवर. अन् त्या दिव्याभवती रंगाचं कडं आणलं, ते कसं केलं व पोरी? इंद्रधनुष्यावानी. मले तं सगळ्या दिव्यांभवती असंच दिसते.”

मी ट्रंकांवरच्या दाराकडे पाहिलं. हवा काचेसारखी स्वच्छ होती. स्टेशनचा दिवा, तुराट्यांची झाडं, डोंगरावरचा नीळ नीट न मिसळल्याचा डागसुद्धा मला लख्ख दिसत होता. गाडी टिकटिक करत गोल फिरत होती. बाबांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. इतके दिवस ज्या शाबासकीसाठी मी जीव टाकत होते, ती मिळाली होती, तीही न केलेल्या धुक्यासाठी. “सहजच झालं,” एवढंच मी म्हटलं आणि भात बघायच्या निमित्ताने पडवीत गेले. तिथे थंड डब्याजवळ बसून मी रडले. कोणाला सांगणार होते? शेजारणीला सांगितलं असतं तर सकाळपर्यंत ती बातमी लोको शेडमध्ये पोचली असती. आत्याबाई किरनापुरात होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावून मलाच उचलून घरी नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी भोलाकाकांना गाठलं. भोलाकाका म्हणजे बाबांचे फायरमन. कितीतरी वर्षं दोघं एकाच इंजिनावर. ते मंडल्याकडचे, हिंदी बोलणारे, आणि मला मुलीसारखं मानायचे. ते बाजारातून पिशवी घेऊन येत होते. मी सरळच विचारलं, “काका, सिग्नल पहले कौन बोलता है? आप कि बाबा?”

ते पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. “मैं बोलता हूँ, उस्ताद दोहराते हैं. कायदा ही यही है, बेटी.”

“हर बार आप ही?”

“उस्ताद का हाथ आज भी सोना है,” ते म्हणाले. “कहाँ चढ़ाई, कहाँ उतार, आँख बंद करके बता देंगे. इंजन पे अकेला कोई नहीं होता, बिटिया. दो आदमी किसलिए रखे हैं?” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बस, सोमवार से मैं छुट्टी पे हूँ. लड़की का ब्याह है गाँव में. नया लड़का आएगा उस्ताद के साथ.”

नवा फायरमन मी पाहिलेला होता. बाबांसमोर उभा राहिला की त्याचं तोंड उघडत नसे. तो काय आधी सिग्नल सांगणार? तो थांबणार, उस्ताद काय म्हणतात ते ऐकणार आणि तेच परत म्हणणार. मागे डबे भरून माणसं. बाजारच्या दिवशी तर टपावरही. रस्त्याने घरी येताना मला त्या डब्यांतल्या बाया दिसायला लागल्या, मांडीवर पोरं घेतलेल्या. घरी येऊन मी भात करपवला.

बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. बाबांना, “तुम्हाला दिसत नाही” असं म्हणणारी मी कोण? इंजिन गेलं तर बाबांचं काय उरणार हेही मला कळत होतं. त्या काळी ड्रायव्हर मेडिकलमध्ये नापास झाला की त्याला कुठेतरी बसकी नोकरी द्यायचे, कंदील पुसायची, नाहीतर नुसत्या खुर्चीची. रस्त्याने चालताना लोकांनी ज्याला उस्ताद म्हणावं, त्याने कंदील पुसावेत. म्हणून जे तोंडाने बोलता येत नव्हतं ते मी दारावर मांडलं. रविवारची संध्याकाळ होती. लहानपणी पोरांच्या तान्ह्या पोळ्याला बाबांनी मला एक लाकडी नंदी आणून दिला होता, तो ट्रंकेतून काढला आणि सिग्नलच्या पुढे रुळावर उभा केला. सिग्नलचा हात आडवा ठेवला. धूर केला नाही.

बाबा येऊन स्टुलावर बसले, दोरी हातात घेतली. मी किल्ली दिली. गाडी वळणावरून आली. माझा आवाज फाटला असता, म्हणून मी एकदा खाकरले आणि ओरडले, “सिग्नल डाऊन!”

“डाऊन!” बाबा म्हणाले. जोरात, ठसक्यात, नेहमीसारखंच. दोरी त्यांच्या हातात सैल होती.

इंजिन आडव्या हाताखालून गेलं, नंदीवर आदळलं आणि डब्यांसकट कलंडलं. चाकं हवेत कररकरर फिरत राहिली. बाबा चमकून उठले. “काय झालं? काय आडवं आलं?”

“सिग्नल डाऊन नव्हता, बाबा,” मी म्हटलं. “आडवा होता. म्या खोटं सांगतलं.”

चाकं फिरून फिरून थांबली, तरी बाबा उभेच होते. मग त्यांनी हात पुढे केला, चाचपत चाचपत रुळावर नेला, आणि नंदी सापडला तेव्हा तो उचलून डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. त्याचं एक शिंग मोडलं होतं. ते मोडलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिले.

“भोला खोटं नाई बोलत,” ते शेवटी म्हणाले.

“भोलाकाका उद्यापासून गावी जाऊन राह्यले, बाबा.”

“हौ,” बाबा म्हणाले. “मालूम आहे मले.”

त्या संध्याकाळी कोणी जेवलं नाही. सकाळी मी उठले तेव्हा बाबांची आंघोळ झालेली होती. धुतलेला युनिफॉर्म घातला होता, डोक्याला फडकं बांधलं होतं. मला वाटलं, झालं, हे चालले ड्यूटीवर, माझं सगळं पाण्यात गेलं. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं. मी दारात बसून राहिले. नैनपूरच्या गाडीची वेळ झाली. गाडीने शिटी दिली आणि मी कान देऊन ऐकली. ती बाबांची शिटी नव्हती. मग थोड्या वेळाने रस्त्यावरून बाबा येताना दिसले, खांद्यावर ड्रायव्हरची पेटी घेऊन. ती पेटी एरवी कधी घरी यायची नाही. त्यांनी ती कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, “मीच सांगून आलो सायबाले. कोनी धरून नेण्याआधी.” आणि मोरीकडे जाता जाता म्हणाले, “तुले सिग्नल द्यायचा होता, तू देल्ला. फायरमननं तेच करायचं असते.” मला आजवर कोणी दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती मला नको होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी काळा मोतिया, म्हणजे काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थोपवायचं म्हणाले. माझ्या डोळ्यांत मागे मोतिया झाला तो पांढरा. गोंदियाला जाऊन सकाळी काढला आणि संध्याकाळी मी चहा करून प्यायले. डॉक्टर दर खेपेला विचारतात, घरात कोणाला काळा होता का? मी हौ म्हणते आणि ते दिव्याची तिरीप डोळ्यात सोडून बघतात. त्या दिव्याभोवती रंगाचं कडं दिसतं का, हे मी दर वेळी श्वास रोखून पाहते. अजून तरी नाही.

बाबांना कंदीलघरात बसवलं. ते जायचे, वाती कापायचे, परत यायचे. आता ते रोज घरी असायचे, आणि घर पूर्वीपेक्षा जास्त ओसाड झालं. गाडीवर होते तेव्हा निदान परत यायचे. आता ते खोलीत बसलेले असूनही कुठेच नसायचे. शिटी झाली की मान किंचित वळायची, ओठ हलायचे. कोणाची शिटी ते मनात म्हणत असावेत. सुरुवातीला शेडची माणसं भेटायला यायची. नव्याचे नऊ दिवस. भोलाकाका लग्नाचे लाडू घेऊन आले, बाबांचे हात धरून बसले, आणि त्यांची बदली झाल्यावर तेही बंद झालं. आगगाडीच्या दारावर मी चादर टाकली होती. त्या चादरीकडे आम्ही दोघंही बघत नसू. मी तर म्हणते, बाबांनी मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. भाताचा घास घ्यायचा, “झालं का वं?” “हौ.” पुन्हा तेच. मला वाटायचं, बोलण्याची एक जागा होती, तीच मी उलटवून टाकली.

परवा आत्येबहिणीचा नातू आला होता. त्याला मी हे सांगत होते, तर त्याने मोबाईलवर दाखवलं. आता खेळातल्या इंजिनाला धुराचं वेगळं यंत्रच मिळतं. तेलाचे थेंब सोडायचे, बटण दाबायचं, धूर हजर. धुक्याचंही यंत्र आहे, पाण्यात ठेवलं की झालं. “मागवू का आजी?” म्हणाला. मी विचारलं, त्याला वास कसला येतो? तो म्हणाला, कसलाच नाही. मग कायले मागवतो बाप्पा, मी म्हटलं. छोटी लाईन आता उरली नाही. मोठी झाली, विजेवर चालते. आमची क्वार्टरंही पाडली. पण राळेचा वास कुठे आला की मी अजून थबकते.

पुढच्या थंडीत एका संध्याकाळी बाबा आपणहून म्हणाले, “धुकं होते का आज?” तोवर त्यांना खिडकीचा उजेड आणि माझी सावली एवढंच कळत होतं. मी चादर काढली. निखारे चांगले धरले, राळ घातली, माठावरचं फडकं ओलं केलं. नंदी मी कधीच उचलून ठेवला होता. गाडीला किल्ली दिली. बाबा स्टुलावर बसले, पण दोरी त्यांनी हातात घेतली नाही.

मी फुंकायला लागले. धूर डोंगरांवरून उतरला, झाडांत बसला, स्टेशन बुडालं. एरवी मी इथे थांबायचे. त्या दिवशी थांबले नाही. डब्यात आणखी राळ टाकली आणि फुंकत राहिले. दाराच्या कडांवरून धूर खाली सांडला, फरशीवर पसरला, आणि खाली जागा उरली नाही तसा हळूहळू वर भरत आला. आधी सिग्नल दिसेनासा झाला, मग समोर बसलेले बाबा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं, असं म्हणायला मी मोकळी होते. आत कुठेतरी गाडी टिकटिक करत फिरत होती.

“सिग्नल काय म्हणते?” धुरातून बाबांचा आवाज आला.

“दिसत नाई, बाबा.”

“तुलेबी?”

“मलेबी. काईच दिसत नाई.”

“खरं सांगून राह्यली?”

“खरं. तुमची शपथ.”

बाबा हसले. खोकत खोकत हसले, आणि कितीतरी दिवसांनी मला त्यांचा तो आवाज ऐकू आला. “मंग उभी कर गाडी,” ते म्हणाले. “दोघंबी थांबू.”

टिकटिकीच्या अंदाजाने मी हात पुढे केला. इंजिन थांबलेलं होतं. त्याच्यावर बाबांचा हात अगोदरच होता.